एका सामन्याला एकच पंच आम्हाला मान्य नाही: कोल्हापुरातील बास्केटबॉल संयोजकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील बास्केटबॉल स्पर्धांचे संयोजक आणि पंच नेमणाऱ्या समित्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हंगामात 14 आणि 17 वर्षांखालील गटांचे सुरुवातीच्या फेऱ्यांचे सामने एकाच पंचावर चालवायचे, 'किरकोळ धक्क्याला' शिट्टी द्यायची नाही आणि वेळापत्रक पाळायचे, असे पंचांना तोंडी सांगण्यात आले. एका कोर्टावर दिवसभरात उरकायचे सामने, मध्येच येणारी पावसाची सर, बाहेरगावच्या शाळांची परतीची एसटी, मानधनाला असलेली मर्यादा या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. पण त्यांची किंमत मुलांच्या घोट्यांनी आणि गुडघ्यांनी चुकवायची, हे आम्ही गप्प बसून मान्य करू शकत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. पालकांनी आणि शाळांच्या क्रीडा शिक्षकांनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

आम्ही या जिल्ह्यात मुलामुलींना बास्केटबॉल शिकवणारे, सामन्यांना पंच म्हणून उभे राहणारे आणि स्कोअर टेबलावर बसणारे लोक आहोत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका सामन्यावर संघ पुढे जातो किंवा घरी जातो. जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी चढणाऱ्या मुलांना दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचा विचार करता येतो. ब्लॉकिंग (बचाव करणाऱ्याने नियम मोडून अडवणे) की चार्जिंग (चेंडूवाल्याने त्याच्या अंगावर जाणे) हा निर्णय प्रेक्षकांना क्षणभराचा वाटतो. ज्या मुलाच्या नावावर तो लागतो, त्याच्यासाठी तो वर्षभराचा असतो.

आधी नियमाचे बोलू. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये या खेळाचे पहिले 13 नियम लिहिले, त्यातच दोन अधिकारी होते. एकाने खेळाडूंकडे लक्ष ठेवून फाऊल नोंदवायचे आणि दुसऱ्याने चेंडूकडे बघायचे. खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे यांना त्याच नियमावलीत मनाई होती. आज आपले सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर चालतात आणि तिथेही मैदानावर एक क्रू चीफ (मुख्य पंच) आणि एक किंवा दोन अंपायर (सहपंच) असावेत, असे स्पष्ट आहे. म्हणजे कमीत कमी दोन. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना रेषेवरच्या दोन सहायकांशिवाय सुरू होईल का? तो प्रेक्षकच होऊ देणार नाहीत. मग बास्केटबॉलच्या मुलांना वेगळा न्याय का?

दोन पंच लागतात, कारण धक्का प्रत्येक जागेवरून दिसत नाही. तो दोन खेळाडूंमधल्या फटीत दिसतो. फट दिसत असेल तर कोण कुणाच्या जागेत शिरले हे कळते. पंच ड्रिबलरच्या (चेंडू आपटत नेणाऱ्याच्या) बरोबर मागे उभा असेल तर त्याला फक्त ड्रिबलरची पाठ दिसते. पलीकडचा डिफेंडर (बचाव करणारा) छातीने थांबला की कंबर पुढे काढली, हात वर होता की पोटात, यातले काहीही दिसत नाही. पंच आणि दोन्ही खेळाडू एका रेषेत आले की फट बंद होते. ती उघडायला एक-दोन पावले बाजूला सरकावे लागते. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ टेकली का हे बघायला पंच मातीपर्यंत वाकतो, जागा बदलतो. दुरून अंदाजाने कुणाला चितपट ठरवत नाही. इथेही तेच हवे.

दोन पंचांच्या पद्धतीत ही सोय आहे. एक पंच, म्हणजे ट्रेल, चेंडूच्या मागे, थोडा डावीकडे, साधारण 3 ते 5 मीटरवर असतो. दुसरा, म्हणजे लीड, एंडलाइनच्या (बास्केटमागच्या सीमारेषेच्या) बाहेर असतो आणि फट उघडी राहील अशा बाजूला सरकतो. बोर्डाच्या खाली तो उभा राहत नाही, कारण तिथून सगळी अंगे एकमेकांवर चढलेली दिसतात. चेंडू ज्याच्या भागात असेल तो चेंडूभोवतीचा खेळ बघतो. दुसरा पंच चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे बघतो. जर्सी धरणे, बास्केटकडे धावत येणाऱ्याला हाताने अडवणे, चुकीच्या स्क्रीन (प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे राहून त्याला अडवणे), रिबाउंडआधीची (हुकलेला चेंडू पकडण्याआधीची) रेटारेटी हे सगळे तिथेच चालते.

एकट्या पंचाने काय करावे? तो मागे राहिला तर पोस्टमधल्या (बास्केटजवळच्या) दोघांची फट त्याला दिसत नाही. एंडलाइनला गेला तर तीन गुणांच्या रेषेबाहेर शूटरच्या पायाखाली कोण गेले हे कळत नाही. रिबाउंडनंतर लांब पास गेला की चेंडू काही सेकंदांत 28 मीटर कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि ले-अपच्या (बास्केटजवळ धावत जाऊन मारलेल्या शॉटच्या) वेळी पंच निम्म्या कोर्टावर, तोही पळत असतो. पळताना नजर हलते. धक्क्याचा निर्णय थांबलेल्या पायांनी घ्यायचा असतो. पंच थांबण्याआधीच घटना संपलेली असते. मग त्याच्या हाती एकच पुरावा उरतो: जमिनीवर पडलेला खेळाडू.

आमची पहिली तक्रार हीच आहे. आपल्याकडे कोण पडले यावर फाऊल ठरू लागला आहे. डिफेंडर पडला तर चार्जिंग, ड्रिबलर पडला तर ब्लॉकिंग. मुलांनी हे हेरले आहे आणि छातीला स्पर्श व्हायच्या आधीच मागे कोसळायला ती शिकत आहेत. फाऊल झाल्याचे सोंग करणाऱ्याला इशारा आणि पुढे टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाचा फाऊल), ही तरतूद नियमात आहे. पण सोंग ओळखायलाही फट दिसावी लागते.

निर्णय कसा व्हायला हवा, ते सविस्तर लिहितो, कारण संयोजक, क्रीडा शिक्षक आणि पालक यांच्या बोलण्यात याबद्दल खूप चुकीचे समज ऐकू येतात. पंचाने चेंडूकडे न बघता डिफेंडरकडे बघायचे. हल्ला करणारा काय करणार हे दिसतेच. प्रश्न असतो तो डिफेंडर नियमात आहे का, हा. त्याने कायदेशीर जागा घेतली असे कधी म्हणायचे? प्रतिस्पर्ध्याकडे तोंड आहे आणि दोन्ही पाय जमिनीवर आहेत, तेव्हा. एवढेच. एकदा ती जागा मिळाली की त्याने पुतळ्यासारखे उभे राहायचे, असे नियमात कुठेही नाही. तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना एक किंवा दोन्ही पाय क्षणभर उचलले गेले तरी चालते. इजा टाळायला स्वतःच्या जागेत तो अंगही वळवू शकतो. त्याने पुढे, चेंडूवाल्याच्या दिशेने जायचे नाही. आणि तो निसटू लागला की हात, खांदा, कंबर किंवा पाय बाहेर काढून अडवायचे नाही. हे पाळून धडावर धक्का बसला तर जबाबदारी चेंडूवाल्याची.

म्हणून साइडलाइनवरून "तो हलत होता!" ही जी आरडाओरड होते, ती बहुतेक वेळा निरर्थक असते. हलत होता हे खरे, पण कुठल्या दिशेने? आणि धक्का धडावर की बाजूच्या खांद्यावर? छातीच्या मध्यावर लागले तर डिफेंडर तिथे आधी पोचला होता. ड्रिबलरचे डोके आणि खांदा त्याच्या धडाच्या पुढे निघून गेले होते आणि मग कंबर लागली, तर डिफेंडरला उशीर झाला होता.

दुसरा गोंधळ वेळ आणि अंतराचा. "त्याला थांबायला जागाच दिली नाही" ही तक्रार चेंडू हातात असलेल्या खेळाडूला करता येत नाही. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने कुठल्याही क्षणी समोर डिफेंडर येईल हे गृहीत धरायचे असते. डिफेंडरने शेवटच्या क्षणी, पण धक्का लागण्याआधी नीट जागा घेतली तर ती वैध आहे. चेंडू नसलेल्या खेळाडूच्या बाबतीत मात्र वेळ आणि अंतर मोजले जाते: त्याच्या वेगानुसार, पण एका सामान्य पावलापेक्षा कमी नाही. स्क्रीनचेही तसेच. समोरून किंवा बाजूने, दिसेल अशी लावलेली स्क्रीन अंगाला न लागता कितीही जवळ चालते. पाठीमागून लावली तर एक पाऊल मोकळे सोडायचे. खेळाडू धावत असेल तर एक ते दोन पावले. आणि धक्क्याच्या क्षणी स्क्रीन लावणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर हवेत. आपल्या सामन्यांत सरकत्या स्क्रीनवर क्वचितच शिट्टी वाजते, कारण ती चेंडूपासून दूर लागते आणि तिकडे बघायला दुसरा माणूसच नसतो.

तिसरी तक्रार सर्वात गंभीर आहे: हवेतल्या खेळाडूची. जो उडाला त्याला त्याच जागी उतरण्याचा हक्क आहे. उडण्याच्या क्षणी वाट आणि उतरायची जागा मोकळी असेल, तर दुसऱ्या ठिकाणी उतरण्याचाही आहे. तो हवेत गेल्यावर कुणी त्या वाटेत शिरायचे नाही. जंप शॉट मारणाऱ्याच्या पायाखाली पाऊल सरकवणे, रिबाउंडला उडालेल्याच्या खाली कंबर घालणे यात धक्का झाला तर तो साधा फाऊल नाही. नियमानुसार तो सहसा अनस्पोर्ट्समनलाइक (खेळभावनेला सोडून केलेला) फाऊल आणि काही वेळा थेट बाहेर काढण्याजोगा ठरतो. आपल्याकडे याला 'किरकोळ' म्हणून सोडले जाते, कारण चेंडू सुटल्यावर एकट्या पंचाची नजर चेंडूमागे रिंगकडे जाते. शूटर जमिनीवर येईपर्यंत कुणीतरी त्याच्याकडे बघत राहिले पाहिजे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात, आपली बरीच कोर्ट उघडी, सिमेंटची असतात, सरीनंतर निसरडी होतात. अशा जागी दुसऱ्याच्या बुटावर उतरलेला घोटा काय होतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सरळ वर उडालेला, हात सरळ वर ठेवलेला डिफेंडर स्वतःच्या जागेत असतो. ती जागा जमिनीपासून वर छतापर्यंत त्याचीच. ले-अप मारणारा त्याच्या अंगावर येऊन आपटला आणि ओरडला म्हणून फाऊल देणे हा चांगल्या बचावावर अन्याय आहे. हात पुढे झुकून शूटरच्या जागेत गेला, तर मात्र तो डिफेंडरचाच. शूटरनेही मोकळ्या हाताने डिफेंडरला लोटून जागा करायची नाही. रिबाउंडमध्ये "पाठीवरून घेतला" एवढ्यावर फाऊल होत नाही. उंच मुलाने धक्का न लावता वरून चेंडू काढला तर तो खेळ आहे. मागून अंग टाकून पुढच्याला जागेवरून हलवले तर फाऊल. आणि पुढे उभ्या असलेल्यानेही कंबरेने मागच्याला रेटत नेणे चालत नाही, हे आपल्याकडे जवळजवळ कुणीच वाजवत नाही.

चौथी गोष्ट कोर्टाची. बास्केटखालचे नो-चार्ज अर्धवर्तुळ 2010 पासून नियमात आहे, तरी आपल्या कित्येक कोर्टांवर ते अजून आखलेले नाही. चेंडूवाला हवेत असताना शॉट मारत किंवा पास देत असेल आणि डिफेंडरचा एक किंवा दोन्ही पाय या अर्धवर्तुळात असतील, तर तिथे चार्जिंग देता येत नाही. हल्ला करणाऱ्याने हात, कोपर, पाय किंवा अंगाचा गैरवापर केला असेल तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ डिफेंडरवर आपोआप फाऊल लागतो असाही नाही. तो सरळ वर उडाला असेल तर खेळ पुढे चालू ठेवायचा. रेषाच नसेल तर हा निर्णय पंचाने कशावरून घ्यायचा?

आखायला फार खर्च नाही. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर बिंदू घ्या. माप एंडलाइनपासून घेऊ नका. नियमाने हा बिंदू एंडलाइनच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर यायला हवा, पण जिथे बोर्डाचा खांब आत-बाहेर बसला आहे तिथे तो येत नाही. बिंदूपासून दोरीने 1.25 मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढा. ही आतली कड. त्याच्या बाहेर 5 सेंटीमीटर रुंदीची रेषा, आणि दोन्ही टोकांपासून एंडलाइनच्या दिशेने 37.5 सेंटीमीटरच्या सरळ रेषा. रंग बाकीच्या रेषांचाच. टेप लावू नका. ओल्या सिमेंटवर ती सुटते आणि पायात येते.

आता 'किरकोळ धक्का' या शब्दाबद्दल. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवा, असे आम्ही म्हणत नाही. फिबाच्या कलम 47 मध्येच लिहिले आहे की, ज्या धक्क्याने कुणाचा फायदा किंवा तोटा झाला नाही त्यासाठी खेळ उगाच थांबवू नये. पण हे मोजमाप धक्क्याच्या जोराचे नाही, परिणामाचे आहे. ड्रिबलरच्या कंबरेवर हलकासा हात ठेवून तो तसाच राहू दिला, तर त्याचा वेग आणि दिशा डिफेंडरच्या ताब्यात जाते. जोर नसला तरी तो फाऊल आहे. वारंवार बोट लावणे, टोचणे हेही तसेच. उलट, सैल चेंडूवर दोघे सारख्याच हक्काने झेपावले आणि जोरात आदळले, तर तो फाऊल नसूही शकतो. म्हणून पंचाने सुरुवात, मधला भाग आणि शेवट अशी पूर्ण घटना बघून, फायदा-तोटा तोलून मगच शिट्टी वाजवायची. हा विवेक पंचाचा आहे. "कमी वाजवा" असे वरून सांगून तो काढून घेता येत नाही. आणि पहिल्या पाच मिनिटांत हात ठेवण्यावर शिट्टी वाजली की मुले हात काढतात, उरलेला सामना उलट लवकर संपतो. सुरुवातीला सोडून दिलेले सामनेच चौथ्या क्वार्टरला हमरीतुमरीवर येतात आणि रखडतात.

ब्लॉकिंग की चार्जिंग या एका निर्णयाने किती फरक पडतो, तेही बघा. चेंडू सुटण्याआधी चार्जिंग दिले तर बास्केट रद्द, चेंडू समोरच्यांना, फ्री थ्रो नाही, आणि पाचपैकी एक फाऊल हल्ला करणाऱ्याच्या नावावर. त्याच घटनेत ब्लॉकिंग दिले आणि बास्केट झाली तर 2 गुण, वर एक फ्री थ्रो, फाऊल डिफेंडरच्या नावावर, आणि संघाच्या फाऊलमध्ये एकाची भर. क्वार्टरमध्ये चार झाले की पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. एका शिट्टीत 3 गुणांची उलथापालथ. शिवाय बऱ्याचदा पंच टेबलाला नुसता जर्सी नंबर सांगतो; ब्लॉकिंग, चार्जिंग, धरणे, ढकलणे यातले काय झाले याची खूण करतच नाही. मुलाला आपण काय चुकलो हे कळत नाही आणि प्रशिक्षकाला ते सुधारता येत नाही.

आमच्या मागण्या अशा:

कुठल्याही गटाच्या, कुठल्याही फेरीच्या सामन्याला दोन पंच असावेत. अनुभवी पंच कमी असतील तर एका अनुभवी पंचासोबत एक नवा नेमा. नवे पंच असेच तयार होतात. वेळ कमी पडत असेल तर 10 मिनिटांचे क्वार्टर 8 मिनिटांचे करा आणि ते आधी लेखी कळवा. मिनिटे कमी केलेली चालतील, पंच कमी केलेले चालणार नाहीत.

'किरकोळ धक्क्या'ची तोंडी सूचना मागे घ्यावी. तिच्या जागी फिबाच्या धक्क्याविषयीच्या कलम 33 वर आधारलेले एक पानी मराठी टिपण सर्व शाळांना आणि पंचांना स्पर्धेआधी द्यावे.

प्रत्येक कोर्टावर नो-चार्ज अर्धवर्तुळ रंगवलेले असल्याशिवाय तिथे सामना ठेवू नये. सरीनंतर कोर्ट खेळण्याजोगे आहे का, हे दोन्ही पंचांनी मिळून ठरवावे. त्यांच्यावर वेळापत्रकाचा दबाव नको.

हंगामाआधी अर्ध्या दिवसाचे पंच शिबिर कोर्टावरच घ्यावे. भाषण नको. एक ड्रिबलर आणि एक डिफेंडर घेऊन वेळेवर घेतलेली जागा, उशिरा घेतलेली जागा, पुढे सरकलेला डिफेंडर, काढलेली कंबर, सरळ उडी आणि झुकलेले हात हे आधी चालत, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने करून दाखवावे. प्रत्येक प्रकार पंचांनी लीडच्या, ट्रेलच्या आणि मुद्दाम चुकीच्या कोनातून बघावा. एंडलाइनच्या कोपऱ्यात स्टँडवर मोबाईल ठेवून चित्रण करावे आणि तिथेच सर्वांसमोर तपासावे.

सामन्याआधी दोन्ही पंचांना एकत्र बोलायला दहा मिनिटे मिळावीत: कुणाचा भाग कुठला, शूटर उतरेपर्यंत कोण बघणार, दोन शिट्ट्या एकदम वाजल्या तर खूण करण्याआधी एकमेकांकडे बघायचे. प्रत्येक फाऊलला टेबलाकडे नंबर, प्रकार आणि पुढची शिक्षा या तिन्ही खुणा सक्तीच्या असाव्यात.

खेळणाऱ्या शाळेशी संबंध असलेला पंच त्या शाळेच्या सामन्याला नेमू नये.

शिबिरासाठी आमच्यातले प्रशिक्षक आणि पंच मानधन न घेता येतील. कोर्ट आणि तारीख आपण ठरवावी. वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे स्पर्धेचा ड्रॉ पडण्याआधी लेखी कळवावे आणि ते सर्व सहभागी शाळांनाही पाठवावे, ही विनंती.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील काही बास्केटबॉल प्रशिक्षक, पंच आणि टेबल अधिकारी